इंजिन ब्रेक (घाटउतारावरील वापर)

इंजिन ब्रेक : उतारावर जड वाहनाचा वेग चाकांच्या ब्रेकऐवजी इंजिनाच्या अंगच्या विरोधाने आवरण्याची पद्धत, तसेच तो विरोध वाढवणारी यंत्रणा. ट्रकचालक पहिल्या अर्थाने ‘गाडी गिअरात उतरवणे’ म्हणतात, तर दुसऱ्या अर्थाने ‘एक्झॉस्ट ब्रेक’ किंवा नुसते ‘इंजन ब्रेक’.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवरच्या सपाट नागपुरात या विषयाची निकड चटकन जाणवत नाही. परंतु राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा ७) आणि ५३ (पूर्वीचा ६) येथे एकमेकांना छेदतात आणि उत्तरेला सातपुडा आडवा येतो. छिंदवाडा सुमारे ६७५ मी., तर सिवनी सुमारे ६१० मी. उंचीवर आहे. त्यामुळे छिंदवाड्याकडून सिल्लेवानी घाटाने किंवा सिवनीकडून कुरई घाटाने नागपूरकडे येणाऱ्या गाडीला उतार लागतो, तोही बहुधा भरल्या गाडीने. मुंबईकडे जुन्या नाशिक मार्गाने जाणाऱ्यांस कसारा घाट आहेच.

१९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या नागपूर परिषदेत देशातील रस्त्यांची वर्गवारी ठरली. चढउताराची प्रमाणे मात्र भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांतून येतात. डोंगराळ प्रदेशात सर्वसाधारण उतार ५ टक्के, म्हणजे २० मीटरला १ मीटर, धरला जातो. एकूण २८·५ टनांचा दहा चाकी ट्रक अशा उतारावर ताशी ३० किमी. वेग कायम राखून उतरत असेल, तर सुमारे ११६ किलोवॅट (जवळपास १५६ अश्वशक्ती) इतकी शक्ती सतत कोठे तरी जिरवावी लागते. हवेचा व टायरांचा विरोध तिचा काही भाग घेतो. उरलेली सगळी चाकाच्या ब्रेक-ड्रममध्ये गेली तर ड्रम तापून फुगतो व त्यावर घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते. वारंवार पाय मारल्याने ब्रेक चालवणाऱ्या हवेचे प्रेशरही उतरते. १०० मी. उंची उतरताना या ट्रकची जितकी ऊर्जा मोकळी होते, तितक्या उष्णतेत साध्या तापमानाचे ८५ ते ९० लिटर पाणी उकळीला येईल.

डिझेल इंजिनाचा स्वतःचा विरोध तुलनेने कमी असतो. पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची वाट आवळली जाते. डिझेल इंजिनात तशी झडप सहसा नसते. दट्ट्या हवा दाबतो खरा, पण तीच दाबलेली हवा खाली जाणाऱ्या दट्ट्याला ढकलून घेतलेले श्रम बव्हंशी परत करते. ही परतफेड टाळणे किंवा विरोध दुसऱ्या वाटेने वाढवणे हेच जोडयंत्रणेचे काम. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धुराच्या नळीतील झडप मिटते आणि बाहेर पडू पाहणारी हवा दट्ट्याला अडवते. दाब फार वाढला तर इंजिनाच्या झडपा आपोआप उघडू लागतात, म्हणून त्याच्या जोराला मर्यादा आहे. संपीडन-मुक्ती ब्रेकमध्ये दट्ट्या वर पोहोचता पोहोचता निष्कास झडप (धूर बाहेर सोडणारी झडप) क्षणभर उघडून दाबलेली हवा सोडून दिली जाते. त्या वेळचा खडखडाट याच सुटणाऱ्या हवेचा.

या दुसऱ्या प्रकाराच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सामान्य लेखनात अमेरिकेच्या क्लेसी कमिन्सचे नाव दिले जाते. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना त्याचा ट्रक आवरेनासा झाला आणि पायथ्याशी रस्ता ओलांडणाऱ्या मालगाडीच्या धडकेतून तो थोडक्यात वाचला. पुढे त्याच्या रचनेवर आधारलेले ब्रेक जेकब्ज कंपनीने १९६१ पासून विकले. ‘जेक ब्रेक’ हे नाव त्यावरूनच. मात्र स्वित्झर्लंडच्या झाउरर कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बहुधा इंजिनाला हवा दाबणारा पंप बनवून उतारावर आवरण्याची रचना केली होती. मूळ तत्त्वाचे श्रेय झाउररकडे जाते असे मानणेच सयुक्तिक वाटते. कमिन्सचे वेगळेपण अन्यत्र आहे : त्याच्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या दांड्याची हालचाल नेमकी हव्या त्या क्षणी होते हे त्याने हेरले आणि तेलाच्या दाबाने तीच हालचाल निष्कास झडपेपर्यंत पोहोचवली.

वापराचा नियम जुना आहे : ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. गिअर उतार लागण्याआधीच खाली आणावा. वेग वाढल्यावर तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच सुटते. डिझेल वाचवण्यासाठी मुद्दाम न्यूट्रल मारण्याची सवय घातक तर आहेच, पण तिचा हिशेबही चुकीचा आहे. गाडी गिअरात असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा तुटतो व चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. इंजिन बंद करणे त्याहून वाईट, कारण हवेचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही थांबतात.

इंजिन ब्रेकचा जोर फक्त चालक चाकांवर, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवते त्या चाकांवर, पडतो. पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके त्यामुळे घसरू शकतात, ट्रेलर असल्यास तो आडवा होण्याचाही धोका असतो. ओल्या वळणावर एक्झॉस्ट ब्रेकचे बटण बंद ठेवून खालच्या गिअरवर व हलक्या पायाच्या ब्रेकवरच उतरतात.