गर्भातील हृदयाची घडण आणि जनुकांची अभिव्यक्ती

शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. त्यांतले कोणते जनुक कुठे, कधी आणि किती वेळ कामाला लागते, यावर पेशी हृदयाची होणार की यकृताची हे ठरते. जनुकावरून आरएनए आणि पुढे बहुधा प्रथिन तयार होणे, हीच त्याची अभिव्यक्ती.

हे पाहायला कोंबडीच्या अंड्यासारखी सोय दुसरी नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (स्थापना 1949) प्राणिशास्त्र विभागातही गर्भविकासाच्या संशोधनासाठी ते वापरले गेले आहे. अंडे साधारण 38 अंश सेल्सिअसला उबवले की दीड दिवसाच्या सुमारास हृदयाची नळी धडधडू लागते. तोवर रक्ताभिसरण सुरूही झालेले नसते. पिल्लू मात्र 21व्या दिवशी बाहेर येते. माणसात पहिली धडधड सुमारे 22व्या दिवशी होते.

त्याआधीच शेजारच्या थरातून आलेल्या बीएमपी या संकेतामुळे मध्यस्तराच्या, म्हणजे गर्भाच्या मधल्या थराच्या, पेशींत एनकेएक्स2-5 आणि गाटा4 ही हृदय घडवणारी जनुके चालू झालेली असतात. चेतानलिकेकडून (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) येणारे विंट संकेत उलट त्यांना आवर घालतात. त्यामुळे हृदय भलत्या जागी उगवत नाही.

सर्वांत विलक्षण भाग डाव्या-उजव्याचा. नोडल हे जनुक गर्भाच्या डाव्या बाजूला थोडा वेळच चालू राहते. त्याच्या मागोमाग पीआयटीएक्स2 चालू होते आणि नोडल थांबले तरी टिकते. उंदरात पीआयटीएक्स2 निकामी केले, की दोन्ही अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) उजव्या घाटाची बनतात. डावेपण मुद्दाम घडवावे लागते, ते असे.

एक जनुक एकाच अवयवाचे, असा समज करून घेऊ नये. टीबीएक्स5 हृदयात लागते, तसेच हाताच्या अंकुरातही. त्यातल्या दोषाने होल्ट-ओरम विकार होतो, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. या विकारात अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र आणि अंगठ्याचे व्यंग बहुधा एकत्र आढळतात.

जनुक कुठे चालू आहे हे पाहण्यासाठी त्याच्या आरएनएला चिकटणारी, खूण लावलेली पूरक साखळी गर्भात मुरवतात. नंतरच्या प्रक्रियेत तेवढाच भाग जांभळा होतो. दोन दिवसांच्या पारदर्शक गर्भात तो रंग अखंड गर्भावरच दिसतो. पण रंग म्हणजे हजेरी; जनुकाचे काम कळायला ते काम अडवून पाहावे लागते. बडोद्यात कोंबडीच्या गर्भात कॉक्स-2 या विकराचे (एन्झाइमचे) काम औषधाने रोखून अवयवांच्या घडणीत काय बिघडते, याचा अभ्यास याच रीतीने झाला आहे.