‘नवीन निवडा’ म्हणजे नेमकं काय निवडायचं?

नागपुरात महालातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गात मी शिकवतो. वर्गासाठी आम्ही एक छोटी मराठी मार्गदर्शिका छापली होती. तिच्या तिसऱ्या पायरीत दोनच शब्द होते: नवीन निवडा. एक निवृत्त शिक्षिका बराच वेळ पडद्याकडे पाहत बसल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, यातलं नवीन कोणतं? मले तं सगळे जुनेच दिसून राहिले."

त्यांनी वाक्य बरोबर वाचलं होतं. समोर फायलींची यादी होती आणि त्यातली नवी फाइल निवडा, असाच त्या शब्दांचा सरळ अर्थ होत होता. ‘नवीन’ हे वरच्या पट्टीतल्या एका बटणाचं नाव आहे, हे आम्ही कुठंच सांगितलं नव्हतं.

इंग्रजी मार्गदर्शिकेत हा पेच सहसा पडत नाही. तिथं बटणाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत असतं, त्यामुळे वाक्याच्या मधोमध आलं तरी ते नाव आहे हे डोळ्याला कळतं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. ‘फाइल उघडा’ म्हटलं की ती आपली फाइल की ‘फाइल’ नावाची यादी, हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. मार्गदर्शिका लिहायची ही पद्धत दुसऱ्या लिपीसाठी घडली आणि आपण ती जशीच्या तशी उचलली. ती कशी घडली, हे म्हणूनच पाहायला हवं.

सुरुवात पडद्यावरच्या चित्रांपासून झाली नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची पहिली मार्गदर्शिका तयार केली, तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्या प्रस्तावनेतच खुणांचा खुलासा आहे: अधोरेखित शब्द जसाच्या तसा टाइप करायचा, चौकटी कंसातला भाग ऐच्छिक. पुढे अधोरेखेची जागा ठळक अक्षरांनी घेतली, पण नियम तोच राहिला. सांगणाऱ्याचे शब्द आणि यंत्राचे शब्द वेगळे दिसले पाहिजेत. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण आमच्या तिसऱ्या पायरीत नेमकी हीच चुकली होती.

चित्रं नंतर आली. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रबंधात पडद्यावरच्या चित्रासाठी ‘आयकॉन’ हा शब्द वापरला. तो ख्रिस्ती परंपरेतल्या पूजाचित्रांचा शब्द. आपल्याकडे देव्हाऱ्यातला टाक जसा नुसता चांदीचा पत्रा नसतो, त्याला हात जोडले की ते देवापर्यंत पोचतात अशी भावना असते, तसंच काहीसं हे नातं आहे. चित्रावर केलेली क्रिया मूळ वस्तूवर होते. स्मिथ पुढे झेरॉक्स कंपनीत गेले आणि १९८१ साली बाजारात आलेल्या ‘स्टार’ या संगणकाच्या रचनेत सहभागी झाले. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, छपाईयंत्र, आलेल्या टपालाची पेटी असं अख्खं कार्यालय मांडलं होतं.

आज प्रत्येक फोनवर दिसणाऱ्या तीन आडव्या रेघाही ‘स्टार’मधल्याच. नॉर्म कॉक्स यांनी त्या काढल्या. दाबल्यावर जी यादी उघडते, तिच्या ओळींचं ते चित्र आहे. नंतर ही खूण बरीच वर्षं मागे पडली आणि छोट्या पडद्यांचे फोन आल्यावर जागा वाचवण्यासाठी परत आली. इंग्रजीत तिला एका खाद्यपदार्थाचं नाव मिळालं. मराठी मार्गदर्शिकेत ते नाव आणायची काही गरज नाही. वर्गात सगळे ‘तीन रेघा’ म्हणतात आणि ऐकताक्षणी बोट बरोबर जागी जातं.

अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक जानेवारी १९८४ मध्ये आला. त्याची चित्रं सुझन केअर यांनी काढली, रुंदीला ३२ आणि उंचीला ३२ अशा चौकोनांच्या जाळीत. म्हणजे एकूण १०२४ घरं, एकेक भरायचं किंवा रिकामं सोडायचं. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या कुणालाही ही शिस्त ओळखीची वाटेल. त्याच संगणकाच्या कळफलकावर चार कोपऱ्यांना वेढे असलेल्या चौकोनाची कळ आहे. सुरुवातीला तिथं कंपनीचं सफरचंद होतं. पण यादीतल्या प्रत्येक आज्ञेपुढे तेच दिसू लागल्यावर स्टीव्ह जॉब्स यांना ते फार वाटलं. केअर यांनी चिन्हांच्या कोशातून ही वेढ्यांची खूण निवडली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळाची पाटी म्हणून वापरतात. खुणेचा आणि आज्ञेचा काहीही संबंध नाही. ज्याला ती कळत नाही त्याच्या समजुतीत दोष नाही, कारण ती कुणीतरी सांगितल्याशिवाय कळण्यासारखीच नाही.

काही खुणांचा मूळ अर्थ मात्र खरोखर हाताशी असतो. चालू-बंदच्या बटणावरची उभी रेघ म्हणजे एक आणि वर्तुळ म्हणजे शून्य, ही चिन्हं आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या मानकात आहेत. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना हे सांगावंच लागलं नाही. फ्लॉपीचंही तसंच. फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची जुनी चकती. सोनी कंपनीनं साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबवली, जतन करण्याची खूण म्हणून तिचं चित्र मात्र टिकलं. आमच्या वर्गात ते आजोबा ओळखतात आणि सोबत आलेला नातू विचारतो, हे काय आहे?

चिन्ह वाचणं आपल्याला नवं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह होतं. पण तिथं चिन्हाचं नाव गावभर आधीच बोललं गेलेलं असायचं. बैलजोडी म्हणजे कोण, झोपडी म्हणजे कोण, हे सभेत आणि पारावर ठरून जायचं. पडद्यावरच्या चिन्हांना मराठीत असं बोलकं नाव द्यायचं काम मार्गदर्शिकेचं आहे, आणि तिथंच आपण मागे राहिलो.

त्यामागे लिपीच्या तंत्राचंही कारण आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी छपाईचा मराठी मजकूर संगणकावर जुळवायचा तो डीटीपीच्या खास फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरसंचात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. ‘आधी फाइल, मग मुद्रण’ हा क्रम दाखवणारं, शाळेत ‘च्यापेक्षा मोठं’ म्हणून शिकलेलं चिन्ह टाकायचं तर मध्येच फॉन्ट बदलावा लागे. विसरलं की तिथं भलतंच अक्षर उमटे. साहजिकच जुळवणारे चिन्ह गाळून टाकत आणि दोन नावं एकमेकांना चिकटत. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी छपाईच्या दुकानांतून जुने फॉन्ट हटायला फार वर्षं लागली. तिरप्या अक्षरांचा उपायही आपल्याला लागू पडत नाही. देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही, नुसतं कलतं केलेलं अक्षर दमवतं.

नागपूरची अडचण आणखी एक पदर जोडते. इथं मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांचा फोन हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. मार्गदर्शिका म्हणते ‘जतन करा’, पडद्यावर असतं ‘सहेजें’. दोन्ही बरोबर, आणि शिकणारा अडकलेला. मोमिनपुऱ्यातून येणाऱ्या ज्यांचा फोन उर्दूत आहे, त्यांच्याकडे तर मागे जाण्याचा बाण उजवीकडे टोक करतो, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात. ‘डावीकडचा बाण दाबा’ हे वाक्य तिथं चुकीचंच ठरतं. ‘मागे जाण्याचा बाण’ म्हटलं की सगळ्यांना चालतं.

या वर्षी आम्ही पुस्तिका पुन्हा छापली. पहिल्या पानावर खुणांचा खुलासा आहे, १९७१ सालच्या त्या मार्गदर्शिकेसारखाच: ठळक आणि अवतरणात असेल ते पडद्यावर शोधायचं, बाकीचं आमचं बोलणं. प्रत्येक नावापुढे त्याचं हिंदी रूपही दिलं आहे. तिसरी पायरी आम्ही त्या बाईंना आधी वाचायला दिली आणि त्यांनी होकार दिल्यावरच छापायला पाठवली. आता ती अशी आहे: वरच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हाशेजारी ‘नवीन’ (हिंदीत ‘नया’) असं लिहिलेलं बटण आहे, ते दाबा.