मोटारसायकल, जुनी : कमी धावलेल्या गाडीचे जतन

अनेक दशके जुनी, पण वयाच्या मानाने फार थोडे अंतर धावलेली मोटारसायकल मूळ भाग व मूळ रंगासह टिकवून पुन्हा चालती करण्याची पद्धती. ‘व्हिंटेज’ या संज्ञेच्या मर्यादेबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लबने (स्थापना १९४६) ती प्रथम १९३१ पूर्वीच्या गाड्यांपुरती ठेवली. पुढे मात्र २५ वर्षांहून जुन्या गाड्यांनाही दार उघडले. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ (१९६६) या आंतरराष्ट्रीय महासंघाची मर्यादा ३० वर्षांची आहे. वर्गीकरणासाठी पहिला, काटेकोर अर्थच सोयीचा. जतनाच्या कामात त्याने फारसा फरक पडत नाही. जुन्या वाहनांच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या फीवाच्या ट्यूरिन सनदेचा (२०१२) कल पुनर्निर्मितीपेक्षा जतनाकडे आहे.

ओडोमीटरवरील आकडा हा कमी वापराचा पुरावा नव्हे. पाच आकड्यांचे यंत्र ९९,९९९ नंतर शून्यावर येते आणि केबल तुटली की थांबते. पायदाणीचे रबर, ब्रेक पेडलची कड व स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चाकाचे) दात यांची झीज अधिक विश्वासार्ह.

अशा गाडीचे नुकसान झिजेपेक्षा उभे राहण्याने होते. फोर-स्ट्रोक इंजिन थांबताना एखादी झडप उघडी राहिली, तर दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरतात. किक मारून इंजिन सोडवू पाहिल्यास रिंग तुटते. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून सुमारे १० मिली पातळ भेदक तेल सोडावे आणि काही दिवस मुरू द्यावे. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढेमागे हलवावे. वंगण तेलाची टाकी वेगळी असलेल्या इंजिनांत टाकीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या कोठीत) उतरते, म्हणून सुरू करण्यापूर्वी तळाचा प्लग काढून ते वाहू द्यावे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची सील (दांड्याभोवतीची रबरी कडी) कडक झालेली असतात. त्यातून हवा ओढली जाऊन हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापते आणि जाम होते. सील आधीच बदलणे स्वस्त पडते. सुकलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये (मंद गतीचे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकात) बसतो. जेट तारेने टोकरू नये, भोक मोठे होते.

पेट्रोलच्या टाकीतील गंजासाठी दर लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते. द्रावण बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी लगेच वाळवावी, अन्यथा तासाभरात नवा गंज दिसतो. आतून इपॉक्सीचा लेप देण्याची शिफारस काहीजण करतात. पण इथेनॉलमिश्रित इंधनात काही लेप सुटतात व जेट तुंबतात. टाकी गळत नसेल तर लेप टाळणेच बरे.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या आट्यांबाबत विशेष दक्षता लागते. पाव इंची बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांचे मानक) आणि पाव इंची सायकल आटे (सीईआय मानक) दोन्ही इंचाला २६ असतात. पण आट्याचा कोन अनुक्रमे ५५ व ६० अंश. चुकीचा नट सहज चढतो, पकड मात्र अपुरी राहते आणि आवळताना आटे झडतात. मूळ नटबोल्ट चिठ्ठी लावून ठेवावेत.

जुने नायट्रोसेल्युलोज रंग पातळ असतात. घासून चकाकी आणताना हाताने ओढलेल्या सजावटीच्या रेषा पुसल्या जातात. टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात, म्हणून चालवण्यासाठी नवे बसवून मूळ जोडी बाजूला ठेवतात.