खिडकीजवळची खुर्ची आणि वीतभर अंतरावरचा माइक

काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका गावी जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचे चित्रीकरण करायला मी गेलो होतो. कॅमेरा उसना, पण चांगला भारी होता. तो आजींपासून दोन मीटरवर ट्रायपॉडवर बसवला आणि त्याच्याच अंगच्या माइकवर विसंबून तासभर चित्रण केले. घरी येऊन पाहतो तर मागच्या भिंतीवर अंधूक आडवे पट्टे हळूहळू सरकत होते. ते एकवेळ चालवून घेतले असते. पण आजी दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला थांबल्या, की छताच्या पंख्याची घरघर एकदम वर उसळून येई, आणि ओवी सुरू झाली की पुन्हा खाली बसे. यंत्र बिघडलेले नव्हते. शांतता झाली, की आवाज कमी पडतो आहे असे समजून पातळी आपोआप वाढवायची, हे त्याला नेमून दिलेले काम ते चोख करत होते.

चित्रीकरणाचे नवे साहित्य घेताना बहुतेकांचा पहिला खर्च कॅमेऱ्यावर होतो. माझ्या मते तो शेवटचा असावा, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे.

आधी आवाजाचे पाहू. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन मीटरवरचा माइक वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर आणला तर अंतर दहापटीने कमी होते आणि तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता शंभरपट होते. पंख्याचे अंतर मात्र जवळजवळ तेवढेच राहते, त्यामुळे त्याची घरघर वाढत नाही. दुसरी गोष्ट भिंतींची. बोलणाऱ्याचा आवाज माइकपर्यंत एकदा थेट पोहोचतो आणि नंतर भिंती, फरशी, छत यांवरून आपटून पुन्हा पुन्हा पोहोचतो. हा घुमणारा आवाज खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो. म्हणून बोलणाऱ्यापासून एका ठराविक अंतरावर थेट आवाज आणि घुमारा यांची बरोबरी होते, आणि त्यापलीकडे घुमारा वरचढ ठरतो. उघड्या भिंतींच्या, दहा बाय दहाच्या खोलीत हे अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असते. दोन मीटरवर ठेवलेला माइक, तो कितीही महाग असला तरी, माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकत असतो. प्रत्यक्ष तिथे बसलेल्याला हे जाणवत नाही, कारण दोन कानांतल्या सूक्ष्म फरकांवरून आपला मेंदू समोरच्याचे बोलणे वेगळे काढतो. एकट्या माइकला ती सोय नाही.

म्हणून पहिली खरेदी साध्या कॉलर माइकची करावी. तो लावण्यातही थोडे कौशल्य आहे. लुगड्याच्या पदरावर चिमटा लावला, की हात हलताच कापड माइकवर घासते आणि तो खरखराट नंतर कशानेही निघत नाही. पदराऐवजी ब्लाउजच्या गळ्याशी, वायरीला एक सैल वेटोळे देऊन माइक लावला तर पुष्कळ फरक पडतो. खोलीत गोधड्या, गाद्या, जाड पडदे असतील तर ते आवरू नयेत, उलट आणखी मागून घ्यावेत. मात्र पातळ कापड फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषते. १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. पडद्याची तिच्यापुढे काय मातब्बरी! शिवाय आवाजाची स्वयंचलित पातळी बंद करून ती हाताने ठरवावी. माझा पंखा त्याशिवाय शांत झाला नसता.

आता भिंतीवरच्या पट्ट्यांकडे वळू. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतो. डोळ्यांना हे कळत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी पट्टी, मात्र संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि प्रत्येक ओळीला प्रकाश किंचित वेगळ्या वेळी मिळतो. शटर, म्हणजे प्रत्येक ओळीवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, १/६० सेकंदावर असेल तर एका ओळीच्या वाट्याला प्रकाशाचे एक पूर्ण आणि एक अपुरे स्पंदन येते. हे अपुरे स्पंदन कुठल्या ओळीला प्रखर भागातले मिळते, तर कुठल्या ओळीला मंद भागातले, आणि त्याचेच पट्टे दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० केले, की प्रत्येक ओळीला नेमकी दोन किंवा एक पूर्ण स्पंदने मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. उसन्या कॅमेऱ्यातली मांडणी ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांसाठीची होती आणि मी ती तपासलीच नव्हती. सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० शटर ही जोडी आपल्याकडे ठेवावी. त्यात हात-पाय हलतानाचा पुसटपणाही डोळ्यांना नैसर्गिक वाटतो. प्रखर उन्हात हेच शटर ठेवले तर चित्र पांढरेफटक पडते, तेव्हा लेन्सपुढे प्रकाश कमी करणारी काळसर काच लावावी लागते.

राहिला प्रश्न कॅमेऱ्याच्या सेन्सरचा. मोठ्या फुल-फ्रेम सेन्सरचे माप ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते. बहुतेक मोबाइलमधला सेन्सर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतो. अंधूक उजेडात दिसणारे रवाळ ठिपके यातूनच येतात. प्रकाश कणाकणाने येतो आणि मोजलेल्या कणांच्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार असतोच. एका बिंदूवर १०० कण पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. कण जास्त मिळवायचे तर सेन्सर मोठा घ्यावा, किंवा उजेड वाढवावा. घरातल्या ट्यूबखाली सहसा शेदोनशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर दिवसा खिडकीपाशी तो सहज हजारावर जातो. तेच शटर आणि लेन्स किती उघडी आहे ते सांगणारा तोच आकडा ठेवला तर खुर्ची ट्यूबखालून खिडकीशी सरकवणे हे पाच-दहापट मोठा सेन्सर विकत घेण्यासारखेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. माणसाला खिडकीकडे पाठ करून न बसवता तिच्या बाजूने बसवावे आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा, म्हणजे गालावरची सावली उजळते. घरातला पिवळा दिवा मात्र मालवावा. नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा असे विचित्र ध्यान दिसते, आणि संगणकावर एक रंग सुधारायला जावे तर दुसरा बिघडतो.

फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीत सुमारे २१ लाख. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले तर एका तासाला ४५ गिगाबाइट जागा खर्ची पडते. मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या मुलाखतीसाठी ही उधळपट्टी मला तरी अनाठायी वाटते.

पुढच्या खेपेस त्याच आजींकडे गेलो तेव्हा पंखा बंद ठेवला, जाते खिडकीशी ओढून घेतले आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट टिपला. संकलनात दोन तुकड्यांमधल्या फटी अशा आवाजाने भरतात, कारण पूर्ण निःशब्दता कानाला लगेच खटकते. एवढे करूनही भिंतीवरच्या घड्याळाकडे माझे लक्ष गेले नव्हते. आता जिथे जिथे तुकडे जोडले आहेत, तिथे तिथे त्याची टिकटिक अर्धा ठोका चुकते.