लिव्ह अँड लायसन्समधले ‘लायसन्स’ नेमके कोणाचे?

करारनाम्यांच्या नोंदणीचे काम करीत असल्यामुळे एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते: “आमचे लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर झाले आहे, तेव्हा फ्लॅट ॲपवर रोजच्या भाड्याने द्यायला हरकत नसावी.” बोलणारी माणसे शिकलेली असतात, करारनामा त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून आणलेला असतो, आणि तरीही घर राहण्यासाठी देण्याचा करार आणि घरात पर्यटक उतरवण्याचा व्यवसाय या दोन गोष्टी त्यांनी एकच मानलेल्या असतात.

करार सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्यावर वेळ घालवत नाही. अकरा महिने, अनामत रक्कम, पाव टक्का मुद्रांक शुल्क, अंगठ्याचा ठसा, छायाचित्र आणि शेवटी हाती येणारी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. एवढेच सांगतो की, अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते.

खरा घोटाळा ‘लायसन्स’ या शब्दाने केला आहे. वाहन चालवण्याचे लायसन्स, खानावळीचे लायसन्स, दुकानाचे लायसन्स अशी सवय झालेल्या कानाला हा शब्द सरकारी परवान्यासारखा ऐकू येतो. येथे मात्र सरकारने कोणालाही काहीही दिलेले नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये लायसन्सचा अर्थ एवढाच आहे की, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपल्या स्थावर मालमत्तेत अशी एखादी गोष्ट करण्याची मुभा दिली, जी त्या मुभेवाचून बेकायदा ठरली असती, आणि त्यातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण झाला नाही. म्हणजे हे लायसन्स घरमालकाने राहणाऱ्याला दिलेले असते. जी परवानगी घरमालकाने स्वतः मिळवलेली नाही, ती तो या कागदातून पुढे देऊ शकत नाही.

‘रजिस्टर’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. अमुक दोन पक्षांमध्ये अमुक अटींवर करार झाला, याची ती नोंद असते. त्या इमारतीत पर्यटक उतरवणे योग्य आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही. उलट मी अशा मंडळींना त्यांच्याच करारनाम्यातले एक कलम बोट ठेवून वाचायला लावतो: जागेचा वापर फक्त निवासासाठी करावा आणि ती पोटभाड्याने किंवा अन्य कोणाच्या ताब्यात देऊ नये. बहुतेक छापील मसुद्यांत हे कलम असते, आणि बहुतेकांनी ते सही करताना वाचलेले नसते. म्हणून मालकाकडून तीन वर्षांसाठी फ्लॅट घेऊन तो रोजच्या दराने चालवणारा मध्यस्थ हाच कागद ढालीसारखा पुढे करतो, तेव्हा प्रत्यक्षात तो स्वतःच्या करारभंगाचा पुरावा दाखवत असतो.

पर्यटन निवासाची नोंदणी दस्ताची नसते, ती जागेची आणि व्यवसायाची असते. गोव्यात हे अगदी स्पष्ट आहे: गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियम, १९८२ प्रमाणे मोबदला घेऊन पाहुण्यांना राहण्याची जागा देण्याचा व्यवसाय करणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, मग ते मोठे हॉटेल असो किंवा पुण्याच्या गृहस्थांनी कांदोळीत घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट असो. महाराष्ट्रात पर्यटन विभागाची न्याहारी व निवास (बेड अँड ब्रेकफास्ट) योजना आहे. केंद्राची याच स्वरूपाची योजना ऐच्छिक असून, तिच्यात जास्तीत जास्त सहा खोल्या व बारा खाटा चालतात आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे लागते. ही शेवटची अट ध्यानात घेतली, तर लोणावळ्यातल्या एरवी कुलूपबंद असणाऱ्या आणि शनिवारीच उघडणाऱ्या बंगल्यावर ‘होमस्टे’ अशी पाटी लावणे किती हास्यास्पद आहे ते कळेल. तो भाड्याचा बंगला आहे. त्याला तसेच म्हणावे.

सोसायटीच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. घर भाड्याने दिले म्हणून भरावे लागणारे, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित असलेले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणजे रोज नवे पाहुणे आणण्याची मुभा नव्हे. मी तरी सोसायटीचे लेखी ना-हरकत पत्र हाती असल्याशिवाय कोणालाही पुढे जाण्याचा सल्ला देत नाही.

कराचा फरक थोडक्यात सांगता येतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. रोजच्या मुक्कामावर आहे, आणि दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीसाठी तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के आहे. यजमानाची उलाढाल नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेखाली असेल, तर ॲपवरून झालेल्या आरक्षणाचा कर ॲप चालवणारी कंपनीच भरते. परदेशी पाहुण्याची ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला २४ तासांच्या आत देणे मात्र दोन्हीकडे बंधनकारक आहे; तो फरकाचा मुद्दाच नव्हे.

मध्यंतरी एक गृहस्थ आले आणि दर शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांशी दोन दिवसांचे लिव्ह अँड लायसन्स करून द्या म्हणाले, म्हणजे सगळे कायदेशीर होईल. प्रत्येक दस्ताला एक हजार रुपये नोंदणी फी, शिवाय मुद्रांक शुल्क, आणि पाहुणा बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याचा अंगठा व छायाचित्र, हे सारे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला, थोडा विचार केला आणि विचारले, “मग वर्षभराच्या सगळ्या पाहुण्यांचा मिळून एकच करार नाही का होणार?”