एनर्जीप्लसमधील ईडीडी फाइल: पार्श्वभूमी

1970 च्या दशकातील तेलटंचाईनंतर इमारतींच्या ऊर्जावापराचे गणित संगणकावर मांडण्यासाठी अमेरिकेत ‘ब्लास्ट’ आणि ‘डीओई-2’ हे प्रोग्राम सरकारी खर्चाने तयार झाले. त्या दोहोंचा वारसा घेऊन 2001 मध्ये तेथील ऊर्जा विभागाने एनर्जीप्लस हा इमारतीच्या ऊर्जावापराचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकीय अनुकरण, करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यात वातानुकूलन नियंत्रणाचे जे प्रकार आधीच लिहिलेले होते, त्यांपलीकडे वापरकर्त्याला जाता येत नसे. रात्रीची हवा थंड आणि कोरडी असेल तरच पंखे चालवावेत, एवढी साधी अट घालायची तरी फोरट्रान या संगणकभाषेत लिहिलेल्या मूळ कोडला हात लावावा लागे.

ही अडचण 2009-10 च्या सुमारास आलेल्या ‘ईएमएस’ (ऊर्जा व्यवस्थापन प्रणाली) या सोयीने दूर केली. सेन्सर मोजणार, ‘ईआरएल’ या छोट्या भाषेतील प्रोग्राम ठरवणार आणि ॲक्च्युएटर (यंत्रणेतील बदलता येणारे नियंत्रण) ते अमलात आणणार, अशी तिची रचना आहे. मात्र हा प्रोग्राम सिम्युलेशनच्या पोटात चालत असल्याने तो मध्येच थांबवून ओळीओळीने तपासण्याची सोय नव्हती, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम सिम्युलेशनसोबत तयार होणाऱ्या ईडीडी या नोंदींच्या फाइलकडे आले.

या फाइलचे दोन भाग आहेत. पहिल्यात त्या मॉडेलमध्ये उपलब्ध असलेल्या ॲक्च्युएटरांची यादी येते. दुसऱ्यात, तपशिलाची पातळी ‘व्हर्बोज’ (सर्वांत सविस्तर) ठेवल्यास, प्रोग्रामची प्रत्येक ओळ, तिचे उत्तर आणि सिम्युलेशनमधील वेळ यांची नोंद होते. मला हा दुसरा भागच अधिक मोलाचा वाटतो. समजा, कॉम्प्रेसर किती तास चालला हे मोजणारा प्रोग्राम वातानुकूलन यंत्रणेच्या पुनरावृत्ती-चक्रात, म्हणजे उत्तर स्थिर होईपर्यंत एकाच कालखंडाचे गणित पुन्हापुन्हा होते तिथे, बोलावला आहे. वर्षाअखेरचा आकडा फुगलेला दिसतो, पण कारण कळत नाही. ईडीडी उघडली की एकाच कालखंडाखाली बेरजेची तीच ओळ अनेकदा चाललेली आणि आकडा दर वेळी वाढलेला स्पष्ट दिसतो. चूक सूत्रात नसून बोलावण्याच्या जागेत आहे, हे केवळ निकालांचा आलेख पाहून सहसा कळत नाही. अर्थात एवढ्या नोंदींमुळे फाइल अवाढव्य होते, म्हणून तपासणीपुरते सिम्युलेशन एक-दोन दिवसांचेच ठेवावे.

2020 मध्ये पायथन या संगणकभाषेत प्रोग्राम जोडू देणारे ‘पायथन प्लगइन’ आल्यावर नियंत्रणाचे प्रोग्राम पूर्ण क्षमतेच्या भाषेत लिहिणे शक्य झाले. तरीही ॲक्च्युएटर नावानेच शोधावा लागतो आणि नाव चुकले तर त्याच्या हँडलऐवजी (त्याची ओळख देणाऱ्या क्रमांकाऐवजी) उणे एक हाती येतो. त्यामुळे ईडीडीतील यादी पायथन वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडते.