क्लच कुठंय हिला? एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टरचा नेहमीचा घोळ

शनिवारी सकाळी सातलाच खंबाटकीच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. वर कुठेतरी ट्रक बंद पडला होता. नवी गाडी दाजी चालवत होते, मी शेजारी, मागे ताई आणि पोरं. रांग हातभर सरकायची, थांबायची. दाजींचा पाय ब्रेकवर नव्हताच. हलकीशी रेस देऊन त्यांनी गाडी चढावर अशी तोलून धरली होती की ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. त्यांना त्याचं कौतुकही वाटत होतं. दहाएक मिनिटांनी तो वास आला, जो एकदा घेतला की विसरत नाही.

"दाजी, ब्रेक दाबून धरा. क्लच जळतोय."

"अरे ऑटोमॅटिक आहे ही. क्लच कुठंय हिला?"

क्लच होता. फक्त त्याचं पेडल नव्हतं. गाडी एएमटी होती.

मी वीसेक वर्षं प्रोग्रॅमिंग करून पोट भरतो. दोन ॲपचा स्क्रीन सारखा दिसला म्हणजे आतला कोडही सारखाच असणार, असं आमच्याकडे काल लागलेला पोरगाही म्हणणार नाही. पण हीच मंडळी शोरूममध्ये गेली की खाली वाकून दोन पेडल मोजतात आणि 'ऑटोमॅटिक' म्हणून मोकळी होतात. ड्रायव्हरला काय करावं लागत नाही, एवढंच त्या शब्दातून कळतं. ते काम आता कोण करतंय आणि कशाने करतंय, हे कळत नाही. चढावर नेमकं तेच आडवं येतं.

मॅन्युअल गाडी तुम्हाला येते, म्हणून थोडक्यात सांगतो. इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली, आणि मध्ये क्लच. पेडल सोडताना प्लेट घासत घासत पकडते, तो हाफ क्लच. पूर्ण पकडली की घासणं थांबलं. प्लेट झिजते ती त्या घासण्यातच.

एएमटी म्हणजे हीच गाडी. तोच गिअरबॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट. वर एक छोटा कॉम्प्युटर आणि क्लच दाबायला, गिअर सरकवायला यांत्रिक हात. बऱ्याच एएमटीत हे हात तेलाच्या दाबावर चालतात. आमच्या भाषेत सांगायचं तर रोज हाताने टाइप करायच्या कमांड कुणीतरी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्या आहेत. कमांड त्याच, टाइप करणारा बदलला. पूर्ण नावच 'ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन' आहे. 'ऑटोमॅटिक' नव्हे, 'ऑटोमेटेड'. हा फरक सांगितला की लोक मला किरकिऱ्या म्हणतात. म्हणू देत.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ती कोरडी प्लेट नसतेच. तिथे तेल असतं. ताकाच्या मोठ्या पातेल्यात दोन रव्या समोरासमोर धरल्यात अशी कल्पना करा. एक जोरात फिरवली की ताक फिरतं, आणि ताकामुळे दुसरीही फिरायला लागते. दोन्ही एकमेकींना शिवत नाहीत. दुसरी हाताने घट्ट धरून ठेवली तरी पहिली फिरतच राहते. मोडत काही नाही, फार तर ताक कोमट होईल. इंजिनाकडची रवी म्हणजे इम्पेलर, गिअरबॉक्सकडची टर्बाइन. दोन्हींच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी उठताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढून पुढे जातो. कन्व्हर्टर हे नाव त्यावरून. गाडीने वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू थेट जोडतो आणि तेलातली घसरण थांबते.

कल्पना जुनी आहे. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी: वाफेचं टर्बाइन सुसाट फिरतं आणि पंखा सावकाश फिरायला हवा, ही त्याची अडचण. मोटारींमध्ये १९४० च्या ओल्डस्मोबाइलमधल्या हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सने तेलाची जोडणी घराघरात नेली. जोर वाढवणारा खरा टॉर्क कन्व्हर्टर ब्यूकने १९४८ मध्ये डायनाफ्लो गिअरबॉक्समध्ये आणला.

आता मुद्द्याचं. गाडी चढावर उभी आहे आणि तुम्ही रेस देऊन तिला जागेवर धरलंय. इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत, म्हणजे मध्ये कुठेतरी काहीतरी घसरतंय. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घसरतं. ते तापतं, थंड व्हायला कूलरकडे जातं, परत येतं. तासभर असं करू नयेच, पण दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. एएमटीमध्ये प्लेट घासते. दाजींनी दहा मिनिटं जे केलं, ते म्हणजे नवशिक्याने दहा मिनिटं हाफ क्लचवर गाडी धरणं. फरक इतकाच की नवशिक्याच्या पायात कळ येते आणि तो थांबतो. इथे पाय कॉम्प्युटरचा. त्याला कळ येत नाही. काही गाड्यांत क्लच तापल्यावर दिवा लागतो किंवा बझर वाजतो, पण तोवर प्लेटने बरंच सोसलेलं असतं.

म्हणून एएमटीत चढावर थांबायचं ते ब्रेकवर, जास्त वेळ असेल तर हँडब्रेकवर. पुढे एक गाडीभर जागा झाली की मोकळेपणाने रेस देऊन तिथवर जायचं आणि परत ब्रेक. इंच इंच सरकायचं नाही. मॅन्युअलवर दहा वर्षं काढलेला माणूस हे आपोआप करतो. 'आता ऑटोमॅटिक घेतली' म्हटल्यावर तोच माणूस सगळं विसरतो. गाडीपेक्षा हा शब्दच जास्त घात करतो, असं माझं ठाम मत आहे.

सपाट रस्त्यावर ब्रेक सोडला की दोन्ही गाड्या बहुधा हळूच पुढे सरकतात, आणि इथेही लोक फसतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते सरकणं आपसूक होतं, कारण इंजिन चालू असलं की ताक थोडं फिरतच असतं. एएमटीमध्ये ती नक्कल असते. हे सरकणं, म्हणजे क्रीप, ज्यांनी दिलंय, त्या गाड्यांत कॉम्प्युटर क्लच किंचित पकडून गाडी सरकवतो. हिंजवडीतून संध्याकाळी सहाला निघून पाऊण तास असं सरकत राहिलात, तर तो पाऊण तास हाफ क्लचचा होता हे लक्षात असू द्या.

उभ्या चढावर ब्रेक सोडला की एएमटी मागे येऊ शकते. हिल होल्ड असेल तर तो ब्रेक साधारण दोन सेकंद धरून ठेवतो. त्या दोन सेकंदांत रेस द्यायची असते, आरशात बघत बसायचं नसतं.

डोकं डुलण्याची तक्रार सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून लवकर उरकतो. गिअर बदलताना एएमटी क्लच सोडते, गिअर काढते, दुसरा घालते, क्लच परत पकडते. तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही आणि मान पुढे जाते. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्समध्ये आत तेलात बुडालेले छोटे क्लच असतात. एक सुटता सुटता दुसरा पकडतो, म्हणून झटका जाणवत नाही. उपाय तुमच्या उजव्या पायात आहे: गिअर बदलणार असं वाटलं की रेस किंचित सोडा. घाटात मॅन्युअल मोडवर टाका, नाहीतर वळणावर पाय उचललात की गाडी वरचा गिअर घालते आणि पुढच्या चढावर धापा टाकते.

ॲव्हरेज? एएमटी जवळपास मॅन्युअलइतकंच देते. किंमत? साधारण पन्नास हजार जास्त, टॉर्क कन्व्हर्टरचे लाखाच्या पुढे. या दोन गोष्टींवर लोक तासन्‌तास घालवतात आणि चढाबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत.

एएमटी म्हणजे गरिबांचा जुगाड, हे आणखी एक ऐकून कान किटले. यंत्राने क्लच दाबायची हीच पद्धत १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ मध्ये दिली होती. भारतात २०१४ च्या सेलेरिओने ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. ड्रायव्हिंग शिकताना क्लचच्या भीतीने सोडून दिलेली किती माणसं त्यामुळे स्टिअरिंगवर बसली, ते माझ्या नात्यातच मोजता येतील. मी स्वतः सहा वर्षं एएमटी चालवतोय आणि खूश आहे. माझं ऑफिस सपाटीला आहे आणि गाडीखाली काय चाललंय ते मला माहीत आहे, एवढंच.

इतर भाऊबंदांबद्दल दोन वाक्यं. डीसीटीत, म्हणजे ड्युअल क्लचच्या गाडीत, दोन क्लच असतात, ते कोरडे असतील तर दाजींना सांगितलेलं सगळं त्यांनाही लागू. आयएमटीत पेडल दोनच, पण गिअर तुम्हीच बदलायचे, म्हणजे पेडल मोजणारे तिथेही आपटतात. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी, आपल्याला नवी नाहीच. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हापासून आपण तिला 'गिअरलेस' म्हणतोय, आणि त्या स्कूटरलाही क्लच आहे. वेगाने फिरलं की आपोआप पकडणारा. सिग्नलच्या चढावर ॲक्सिलरेटर पिळून स्कूटर धरून उभे राहता ना? तोही हाफ क्लचच.

मग ओळखायचं कसं? लिव्हरकडे बघा. पी, आर, एन, डी असं असेल तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डीसीटी. पी नसेल, नुसतं आर, एन, डी आणि मॅन्युअलसाठी एम किंवा अधिक-उणे असेल, तर आपल्याकडे ती बहुतेक एएमटीच. ती पार्क करतानाही मॅन्युअलसारखीच: गिअरमध्ये ठेवून बंद करा आणि हँडब्रेक ओढा. न्यूट्रलला सोडून गेलात तर सगळा भार एकट्या हँडब्रेकवर.

दिवाळीआधी शेजारच्या काकूंसाठी गाडी बघायला गेलो होतो. सेल्समनने सुरुवातीलाच जाहीर केलं, "मॅडम, फुल्ली ऑटोमॅटिक, सनरूफसकट." मी लिव्हर बघितला, पी नव्हता. विचारलं, तर म्हणाला, "सर, ते आता कुणी वापरत नाही." टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर ठरलेली. मी म्हटलं, आमच्या सोसायटीत चला. आमचा बेसमेंटचा रॅम्प असा आहे की पावसाळ्यात चालत चढताना भिंत धरावी लागते, आणि वर गेटपाशी वॉचमन फाटक उघडेपर्यंत थांबावंच लागतं. काकूंनी अर्ध्या रॅम्पवर गाडी थांबवली, ब्रेक सोडला, आणि सवयीने आधी उजवीकडच्या आरशात बघितलं. दोन सेकंद झाले. गाडी मागे आली, वीतभरच, पण काकूंनी कचकन ब्रेक मारला. मागे बसलेला सेल्समन एकदम म्हणाला, "मॅडम, रेस देऊन धरून ठेवायची असते!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. दाजींची क्लच प्लेट अठ्ठावीस हजार किलोमीटरला बदलावी लागली, हे त्यांना ताईकडून कळलेलं होतं.

तेवढ्याच पैशांत टॉर्क कन्व्हर्टर घ्यायचा तर दोन पायऱ्या खालचं मॉडेल घ्यावं लागलं. अलॉय गेले, सनरूफ गेलं.

"जाऊ दे," काकू म्हणाल्या, "मला कुठं वर बघत चालवायचीय."